जुनी मोटार विकतांना

२०२५ सालच्या दिवाळीनंतर आमच्या पाटोद्याच्या घरची जुनी मोटार विकण्याचा प्रसंग मजवर आला. मोटार १९६८ सालची, फियाट ११०० डिलाइट, मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत बांधलेली. आमच्या घरीं ती पन्नास वर्षें होती. वडील गेल्यापासून ती पडवींत उभीच असे. मी नोकरीच्या निमित्तानें पुण्यास राहतों. आठवड्यांतून एकदां तिचें इंजिन सुरू करावयासही घरीं कोणी उरलेलें नाहीं. तेव्हां ती कोणाच्या तरी हवालीं करणें प्राप्तच होतें. गांवांतल्या मिस्तरीस बोलावणें पाठविलें. त्यानें गाडीभोंवतीं एक फेरी मारली, खालीं वांकून पाहिलें आणि विचारलें, "दादा, गाडी चालवायला तयार करायची का विकायला?"

मीं म्हटलें, "दोहोंत फरक काय?"

"लई फरक हाय," तो म्हणाला. "चालवायची तर पैसा आंत घालावा लागतो. विकायची तर नुसता वरून लावायचा."

त्याचें हें वाक्य मला बरेच दिवस पुरलें. जुनी वस्तु विकण्यापूर्वीं तिची तयारी करणें आपणांस इतकें स्वाभाविक वाटतें कीं, या तयारीलाही कांहीं इतिहास असेल हें ध्यानांतच येत नाहीं. वस्तुतः आपल्या देशांत जुनी मोटार विकण्यासाठीं तयार करणें या शब्दांचा अर्थ गेल्या शंभर वर्षांत निदान चार वेळां बदलला आहे. तो कसा बदलला, आणि त्या बदलांतून वाट काढीत मला मिस्तरीस काय उत्तर द्यावें लागलें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम पाटोद्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. हें बालाघाटच्या पठारावरचें तालुक्याचें गांव. याच तालुक्यांत गवळवाडीजवळ मांजरा नदी उगम पावते. एका बाजूस सौताड्यावरून पुढें गेलें कीं जामखेड व त्यापुढें नगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर. दुसऱ्या बाजूस मांजरसुंबा ओलांडला कीं बीड. खुद्द बीड शहरापर्यंत रेल्वे पोहोंचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तोंपर्यंत आमचें सारें दळणवळण रस्त्यावरून. १९४८ पर्यंत पाटोदा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, तर शेजारचें जामखेड इंग्रजी मुलखांत. म्हणजे शेजारच्या तालुक्यास जातांना राज्य बदले, नाणें बदले आणि वाटेंत करोडगिरीचें, म्हणजे जकातीचें, नाकें लागे. सात हाली रुपये मोजावे तेव्हां सहा कलदार हातीं येत. इंग्रजी हद्दींत घेतलेली कोणतीही वस्तु आमच्याकडे महाग कां पडे, हें याहून अधिक सांगावयास नको.

मुंबईंत मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. १९१४ सालीं हिंदुस्थानासाठीं मोटारींचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें शिवडीस सुट्या भागांतून मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. शहरांत वापरून झालेली गाडी जिल्ह्याच्या गांवीं जाई, तेथून तालुक्यास उतरे, आणि अखेरीस एखाद्या सर्व्हिस मोटारवाल्याच्या हातीं पडे. त्या काळच्या अमेरिकन मोटारीची चासी वेगळी असे आणि वरची बांधणी वेगळी. खालचा लोखंडी सांगाडा भक्कम असला तर वरचें सगळें उतरवून सुतार त्यावर नवी लाकडी बांधणी चढवी, आणि कालची आरामाची मोटार उद्यां उतारूंची गाडी होई. विकणारा वरवर फारसें सजवीत नसे, कारण घेणारा वरचें पाहतच नसे; तो आडवा होऊन चासी पाही. जुन्या मोटारीच्या तयारीचा हा पहिला अर्थ: सांगाडा दाखविणें.

दुसरा अर्थ स्वातंत्र्यानंतर आला. १९४९ सालीं सरकारनें तयार मोटारींची आयात बंद केली. १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें असें सुचविलें कीं, ज्यांना या देशांत क्रमाक्रमानें संपूर्ण मोटार बनवावयाची नाहीं त्यांनीं नुसत्या जोडणीचा धंदा करूं नये. त्याप्रमाणें जनरल मोटर्स व फोर्ड यांनीं १९५४ च्या सुमारास आपले कारखाने आवरले. मोटारींच्या बाजारांत मुख्यत्वें तीन कारखाने उरले: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास हिंदुस्तान मोटर्स, मद्रासेस स्टँडर्ड, आणि मुंबईस कुर्ल्याचा प्रीमिअर ऑटोमोबाइल्स. हा शेवटचा कारखाना सोलापुरास जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाचा. कंपनी स्थापन झाली १९४४ सालीं आणि कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडूं लागल्या १९४७ सालीं. आरंभीं तेथें डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी निघूं लागली. हा आंकडा इंजिनाच्या सुमारें अकराशें घनसेंटिमीटर क्षमतेवरून पडलेला. पहिल्या नमुन्याच्या गुबगुबीत आकारामुळें मुंबईकरांनीं तिचें नांव डुक्कर फियाट असें ठेवलें. १९६४ सालीं डिलाइट आली, आणि तिचीच पुढची पिढी म्हणजे आपणां सर्वांस ठाऊक असलेली प्रीमिअर पद्मिनी.

या गाडीविषयीं एक गोष्ट येथेंच ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिच्यावरच सारें अवलंबून आहे. फियाट ११०० ला अमेरिकन गाडीसारखी वेगळी चासी नाहीं. तळ, दारांखालच्या पट्ट्या, खांब आणि छप्पर हे सर्व पत्रे एकमेकांस वितळजोड देऊन एकच पेटी केलेली असते, आणि ती पेटी हाच सांगाडा. त्यामुळें गाडी हलकी होते व पेट्रोल कमी पिते. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा कीं, हिच्या पत्र्यास लागलेला गंज हा त्वचारोग नसून हाडांचा रोग असूं शकतो.

असो. तीन कारखाने आणि अवघ्या देशाची मागणी, असें हें गणित. नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. त्यामुळें असा विलक्षण प्रकार घडूं लागला कीं, आज कारखान्यांतून सरकारमान्य किंमतीस घेतलेली गाडी उद्यां बाजारांत त्याहून अधिक किंमतीस खपे. हा व्यापार थांबविण्यासाठींच १९५९ च्या नियंत्रण-हुकुमानें नवी मोटार घेतल्यापासून दोन वर्षांच्या आंत परवानगीवांचून विकण्यास मनाई केली. मोटारींच्या किंमतीचा तंटा पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व त्याचा निकाल १९७१ सालीं लागला. अशा काळीं जुन्या गाडीस विकण्यासाठीं तयार करण्याची गरजच काय? गाडी आहे, हेंच तिचें भूषण. धूळ पुसली, कागद काढून ठेवले कीं गिऱ्हाईक दारीं उभें. तयारीचा हा दुसरा अर्थ: कांहींच न करणें.

हा सुकाळ विकणाऱ्यांना फार दिवस लाभला नाहीं. १९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव जगभर भडकले. आपल्याकडेही पेट्रोल एकाएकीं महागलें आणि मोटारींची मागणी ओसरली. ज्यांच्या घरीं दोन गाड्या होत्या ते एक काढूं लागले. नेमक्या याच संधीस आमच्या वडिलांनीं मोटार घेतली.

वडील पाटोद्यास डॉक्टरकी करीत. १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. त्या दुष्काळांत बीड जिल्ह्यांतल्या माणसांनीं गांवोगांव रस्त्यांवर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवर सुमारें पन्नास लाख माणसें होतीं. त्याच अनुभवांतून रोजगार हमी योजना वाढीस लागली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. दुष्काळानें माणसांस देशोधडीस लावलें, पण मागें रस्ते ठेवले. जेथें पूर्वीं बैलगाडीही कष्टानें जाई, अशा वस्त्यांपर्यंत खडीचा रस्ता गेला. वडील म्हणत, "ज्यांनीं हे रस्ते फोडले त्यांच्या घरीं मला जातां आलें पाहिजे, नाहींतर या रस्त्यांचा मला काय उपयोग?" १९७५ सालीं त्यांनीं मुंबईच्या एका गृहस्थाकडून ही सात वर्षें वापरलेली डिलाइट घेतली आणि नगरमार्गें घरीं आणली. स्टिअरिंगपाशीं गिअरचा दांडा, पुढें अखंड बाक, चार दारें. त्या बाकावर एका वेळीं तिघे बसत. मागच्या बाकावर रुग्ण आडवा निजे व त्याची आई खालीं पायांपाशीं बसे. रात्रीं-अपरात्रीं मांजरसुंब्याच्या घाटानें बीडच्या सरकारी दवाखान्यास ती किती वेळां गेली, याची नोंद वडिलांच्या वहींत आहे. या वहीकडे मी पुढें येणारच आहें.

आतां तयारीचा तिसरा अर्थ. १९८३ सालीं मारुती ८०० आली आणि १९९१ नंतर परदेशी कंपन्यांस दारें उघडलीं. नवी गाडी मागाल तेव्हां मिळूं लागली, आणि जुन्या गाडीचा जो टंचाईनें चढलेला भाव होता तो उतरत उतरत लोखंडाच्या भावाला येऊन टेकला. पद्मिनीचें उत्पादन या शतकाच्या आरंभीं बंद झालें. तिचा शेवटचा मोठा आश्रय म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. वीस वर्षांच्या मर्यादेमुळें तोही सरला: शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणून उरली नाहीं. ज्या वस्तूची मागणी नाहीं तिला सजवावें लागतें. म्हणून जुन्या गाडीच्या धंद्यांत एक सबंध कलाच जन्मास आली: गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरणें, वर रंगाचा फवारा, बाकांस नवीं कव्हरें, इंजिनावर डिझेलचा हात, आणि जेथें साधेल तेथें मीटरचे आंकडे मागें फिरविणें. आमच्या मिस्तरीचें "वरून लावायचा" तें हेंच. तो लबाड माणूस नव्हे. बाजारानें जें शिकविलें तें त्यानें प्रामाणिकपणें मला सांगितलें, इतकेंच.

आणि चौथा अर्थ अगदीं अलीकडचा. २०२१ सालीं सरकारनें जुनीं वाहनें मोडींत काढण्याचें धोरण जाहीर केलें. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची फेरनोंदणी करावी लागते, आणि पुढें दर पांच वर्षांनीं. त्या फेरनोंदणीची फी पूर्वीं ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठीं ऑगस्ट २०२५ मध्यें १०,००० करण्यांत आली. म्हणजे सरकार एका हातानें जुन्या गाडीस निरोपाचा विडा देत आहे. पण दुसऱ्या हातानें त्याच २०२१ सालीं विंटेज मोटारींचे नियमही झाले. पन्नास वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली, सांगाडा, बांधणी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी २०,००० रुपये भरून या वर्गांत नोंदवितां येते व तिच्या नंबरांत व्हीए हीं अक्षरें येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शनास न्यावी, हौशी मोटारवाल्यांच्या फेरीस न्यावी आणि परत आणून ठेवावी. या नियमांनीं मौज अशी केली कीं, जी गाडी काल कोणी फुकट घेईना तिचा मूळचा, उडालेला, चरे पडलेला रंगच मोलाचा ठरला. आतां हौशी गिऱ्हाईक म्हणतें, कांहीं करूं नका, आहे तशी द्या. हा चौथा अर्थ.

श्रोतेहो, आमची गाडी अठ्ठावन्नाव्या वर्षाकडे झुकलेली. म्हणजे तिच्यापुढें तिन्ही वाटा मोकळ्या होत्या. एका भंगारवाल्यानें वजनावर भाव सांगितला. लग्नाच्या वरातीसाठीं गाड्या भाड्यानें देणाऱ्या एकानें, ती लाल रंगवून द्याल तर घेतों, म्हणून कळविलें. आणि नगरकडच्या एका तरुण इंजिनिअरनें फोन करून सांगितलें, "काका, रंगाला हात लावूं नका. मला ती विंटेजमध्यें नोंदवायची आहे."

या तिसऱ्या गिऱ्हाइकाकडे माझें मन साहजिकच वळलें. पण विकण्याआधीं एक निराळीच अडचण पुढें आली. गाडी अजून वडिलांच्या नांवावर होती. मालक मृत झाला असतां वारसानें फॉर्म ३१ भरून गाडी प्रथम आपल्या नांवें करून घ्यावी लागते. त्याशिवाय विक्रीचे फॉर्म २९ व ३० भरतांच येत नाहींत. बीडच्या कचेरींत त्यासाठीं दोन खेपा झाल्या. नंबराच्या पट्टीवर कागद धरून पेन्सिलीनें घासून आंकड्यांचा छाप घ्यावा लागतो, तो घेतांना माझ्या मनांत आलें कीं, मी ही गाडी जन्मभर आपली म्हणत आलों आणि आज ती माझी होत आहे, तीही केवळ विकतां यावी म्हणून.

मग मिस्तरीनें काम सुरू केलें. प्रथम रबरी नळ्या. २०२५ पासून देशांत सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें; उसापासून आणि धान्यापासून काढलेलें हें द्रव्य जुन्या पद्धतीच्या रबरास मानवत नाहीं. नळ्या बदलीत असतांना आमच्या दारावरून ऊसतोडीस निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर जात होते. दरवर्षीं दिवाळीनंतर आमच्या तालुक्यांतलीं घरेंच्या घरें पश्चिम महाराष्ट्रांतल्या व कर्नाटकांतल्या कारखान्यांकडे जातात. ज्यांच्या आजोबांनीं या गाडीखालचा रस्ता फोडला, त्यांचीं नातवंडें आज तिच्या टाकींतल्या इंधनाचा ऊस तोडावयास निघालीं होतीं.

नळ्यांनंतर कार्बोरेटर साफ झाला, ब्रेकचीं रबरें बदललीं, बॅटरी नवी आली. इंजिन तिसऱ्या चावीस सुरू झालें आणि मिस्तरी हंसला. मग तो उजव्या बाजूच्या दारांखालच्या पट्टीवर बोटाच्या पेरानें टकटक करूं लागला. डाव्या पट्टीचा आवाज खणखणीत येत होता; उजवीचा बद्द. त्यानें पान्ह्याच्या टोकानें रंग खरवडला. रंगाखालीं लांबी, लांबीखालीं गोणपाटाचा बोळा, आणि बोळ्यामागें पत्र्याच्या जागीं गंजाचा भुगा.

"दादा, हें काम आपलं न्हाय. लई जुनं हाय," तो म्हणाला. "पुन्हा लांबी भरतो. वरून जुन्यासारखाच रंग मारतो. ब्रह्मदेवाला बी कळणार न्हाय."

त्या रात्रीं मीं वडिलांची वही काढली. पेट्रोल, ऑईल, टायर, बीडच्या खेपा, असें पानामागून पान. १९७९ सालच्या एका पानावर ती नोंद सांपडली: "डाव्या पट्टींत लांबी व बोळा निघाला. पत्रा मारून घेतला. उजवींतही असणार. पुढें पाहूं." त्याच पानावर चार ओळी खालीं ताईच्या कॉलेजच्या फीची नोंद आहे.

म्हणजे १९७५ सालीं, मागणी ओसरलेल्या बाजारांत, मुंबईच्या खाऱ्या हवेनें खाल्लेली गाडी कोणीतरी सजवून आमच्या वडिलांस विकली होती. चार वर्षांनीं तें त्यांना कळलें. त्यांनीं एक बाजू दुरुस्त केली, दुसरीस पैसे पुरले नाहींत, आणि पुढें पाहूं म्हणतां म्हणतां शेहेचाळीस वर्षें गेलीं. आम्हांला त्यांनीं एका शब्दानेंही सांगितलें नाहीं. त्या उजव्या बाजूस आई बसे, आम्ही बसूं, मागें रुग्ण असत.

आतां त्या विकणाऱ्याच्या जागीं मी उभा होतों. खरें सांगावयाचें तर मोह झाला. पट्टी उघडून नवा पत्रा मारला, तर मूळ बांधणींत फेरफार झाला असें नोंदणीच्या वेळीं कोणी म्हणूं शकेल, आणि विंटेजचें गिऱ्हाईक हातचें जाईल. लांबी भरली, तर सर्व जसेंच्या तसें मूळ दिसेल. नियमाच्या अक्षरापुढें खोटी गाडी खरी आणि खरी गाडी खोटी ठरावी, असा हा पेंच. परंतु मीं वर सांगितलेंच आहे कीं, या गाडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. बाजूनें कोणी येऊन आदळला तर मध्यें लांबी असेल कीं लोखंड, हा प्रश्न रंगाचा नव्हे.

दुसऱ्या दिवशीं मीं मिस्तरीस सांगितलें, "पट्टी काप. नवा पत्रा मार. आणि वर रंग देऊं नकोस. रेड ऑक्साइडचा हात मारून ठेव, म्हणजे सांधा दिसेल."

तो म्हणाला, "दिसला की भाव पडंल."

"पडूं दे."

मीं त्या तरुणास फोन करून सगळें सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि कळवितों म्हणाला. पंधरा दिवस त्याचा निरोप आला नाहीं. या पंधरा दिवसांत माझा निश्चय फारसा टिकाऊ नव्हता हेंही कबूल केलें पाहिजे. वरातवाल्याचा नंबर मीं दोनदां काढून पाहिला.

सोळाव्या दिवशीं तो आपल्या वडिलांस घेऊन आला. त्यांनीं गुडघे टेकून तो तांबडा सांधा पाहिला, दुसऱ्या बाजूचा वडिलांनीं करविलेला जोड पाहिला, मग बॉनेट उघडलें. मीं वहींतल्या गाडीच्या तेवढ्या नोंदी माझ्या हातानें उतरवून काढल्या होत्या. रुग्णांचीं नांवें गाळलीं होतीं, पण १९७९ ची ती ओळ जशीच्या तशी ठेवली होती. तरुणाच्या वडिलांनीं ती वाचली आणि मुलास म्हणाले, "विंटेज नको. साधी फेरनोंदणी कर आणि चालव." मागितलेल्या किंमतीच्या दोन-तृतीयांशावर सौदा ठरला. कांहीं पैसे दुरुस्तींत गेले होते, कांहीं फींत; हिशेबाच्या दृष्टीनें मीं कांहीं मोठें साधलें असें म्हणवत नाहीं.

जुनी वस्तु विकणें म्हणजे केवळ ती देणें नव्हे. तिच्यावर आजवर जें जें झालें त्याची माहिती देणें हाही त्या देण्याचाच भाग आहे. टंचाईच्या काळीं ती माहिती कोणी विचारली नाहीं, आणि मंदीच्या काळीं ती झांकण्यांत आली. आज नियमांनीं तिला मोल आणलें आहे, पण त्याचबरोबर मूळपणाचा देखावा करण्याचा नवा मोहही निर्माण केला आहे. कायदा बदलेल, फी बदलेल, बाजार बदलेल. घेणाऱ्याच्या मुलाबाळांस त्या बाकावर बसावयाचें आहे, ही गोष्ट बदलणार नाहीं.

फॉर्मांवर सह्या झाल्या. चावी देतांना मीं त्याला सांगितलें कीं, चढावर दुसरा गिअर जरा घट्ट पडतो, घाई करूं नये. गाडी जामखेडच्या रस्त्यानें निघाली. मिस्तरी माझ्याशेजारीं हात पुशीत उभा होता. ती वळणाआड होईतों तो पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "म्हंजी दादा, शेवटीं चालवायलाच तयार केली म्हणायची."